तेराव्यानंतर: घरातलं माणूस गेल्यावरचं पहिलं वर्ष

कोल्हापुरात माणूस गेलं की पहिले दोन-तीन दिवस घरच्यांना फारसं काही बघावं लागत नाही. तालमीची पोरं तिरडीपासून फोनाफोनीपर्यंत सगळं अंगावर घेतात. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. शेजारच्या घरांतून चहा आणि पिठलं-भाकरी येत राहते. रक्षाविसर्जन होतं, पिंडाला कावळा शिवतो, तेराव्याचं जेवण उरकतं. मग मांडव सुटतो, पाहुणे गावाला जातात आणि चौदाव्या दिवशी सकाळी घरात फक्त घरचीच माणसं उरतात. खरं अवघड तिथून पुढे असतं, आणि त्या दिवसासाठी कुठलाही विधी नाही. म्हणून हे लिखाण मुख्यतः चौदाव्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंतच्या काळासाठी आहे. तुमच्याकडे तेराव्याऐवजी चाळीसावा असेल, किंवा लिंगायत घरातल्यासारखं दफन असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

दुःख मनात असतं हे खरं, पण ते दिवसभर जेवणात, झोपेत, कपाटात, बँकेच्या रांगेत आणि सणावाराला भेटत राहतं. त्या एकेका ठिकाणी काय करायचं हे आधी ठरलेलं असलं तर मनाला निदान टेकायला जागा मिळते.

पहिले पंधरा दिवस: आधी अंगाकडे बघा

पहिला घोळ होतो तो रोजच्या गोळ्यांचा. आबा गेले आणि आजींच्या बीपीच्या गोळ्या आबाच काढून द्यायचे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पाच-सहा दिवसांनी आजींना चक्कर येते आणि सगळे म्हणतात, धक्क्यानं झालं. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या एकाला गोळ्यांची जबाबदारी द्या. त्यानं प्रत्येक वयस्क माणसाच्या गोळ्या, वेळा आणि किती शिल्लक आहेत हे एका कागदावर लिहावं. मधुमेह असेल तर जास्त जपा. जेवण गेलं नाही आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीइतकंच घेतलं, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हाताला कंप, बोलण्यात गोंधळ दिसला तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, आणि डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

घास उतरत नाही ही तक्रार खरी असते. घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. ताट वाढून ‘जेव गं’ म्हणत बसण्यापेक्षा दर तीन तासांनी वाटीभर पातळ काहीतरी द्या. नाचणीची आंबील यासाठी फार उपयोगी. दोन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळा. पूर्ण निवल्यावर वाटीभर ताक, मीठ आणि चिमूटभर जिरेपूड घाला. गरम असतानाच ताक घातलं तर ते फाटतं आणि आंबील कुणी तोंडात घेत नाही. मुगाची पातळ खिचडी, पेज, दूध-भाकरीचा काला हेही चालतं. चहा मात्र मोजा. भेटायला येणाऱ्या प्रत्येक घोळक्याबरोबर एक कप म्हणता म्हणता दिवसाला दहा कप होतात आणि रात्री डोळा लागत नाही. पाहुण्यांना चहा द्या, घरच्यांच्या हातात पाणी किंवा ताक द्या. दुपारी चारनंतर त्यांना चहा नकोच.

झोपेचं दुसरं दुखणं म्हणजे शेजारणीकडची गोळी. ‘अर्धी घे, शांत लागेल’ म्हणून दिलेली झोपेची गोळी महिनाभरात सवयीची होते, आणि म्हातारं माणूस रात्री बाथरूमला उठताना पडून खुबा मोडून घेतं. डॉक्टरांनी स्वतः तपासून, ठरावीक दिवसांपुरती दिली तरच घ्या. पुरुषांच्या बाबतीत तीच गोष्ट दारूची. पहिले चार दिवस मित्र ‘जरा बरं वाटंल’ म्हणून घेऊन बसतात. त्यानं झोप लागते, पण पहाटे तीनला मोडते आणि दुसरा दिवस आणखी जड जातो. मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत परत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. जोडीदार गेला असेल तर पलंगाची रिकामी बाजू झोपू देत नाही. पलंगाची दिशा बदला, किंवा काही महिने दुसऱ्या खोलीत गादी घाला. यात त्या माणसाचा काही अपमान नाही.

पहिले दोन-तीन आठवडे लक्ष ठिकाणावर नसतं. गॅसवर दूध राहतं, चावी दाराला तशीच राहते. या काळात हायवेनं एकट्यानं दुचाकी नेऊ नका. कागल-कराड असो की नुसतं हॉस्पिटलचं बिल आणायचं असो, मागं कुणाला तरी बसवा, नाहीतर स्वतः मागं बसा.

आणि छातीचं दुखणं कधीही ‘दुःखानं होतंय’ म्हणून सोडून देऊ नका. जवळचं माणूस गेल्यावर लगेचच्या दिवसांत हृदयविकाराचा धोका खरोखर वाढतो. मोठ्या धक्क्यानं हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगून अशक्त होण्याचा एक आजारही आहे; जपानी डॉक्टरांनी त्याला ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ असं नाव दिलं. तो पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो आणि उपचार मिळाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. पण हा तो आजार की साधा हार्ट अटॅक, हे ईसीजी आणि तपासण्यांशिवाय कळत नाही. १०८ ला फोन करा.

भेटायला येणारी माणसं

सांत्वनाला येणाऱ्यांमुळे आधार मिळतो आणि थकवाही येतो. ‘कसं झालं हो?’ हा प्रश्न दिवसातून तीस वेळा विचारला जातो. प्रत्येक वेळी ती शेवटची रात्र पुन्हा उभी करावी लागते. यावर सोपा उपाय असा की सांगायचं काम घरच्या एखाद्या जावयाला, पुतण्याला द्यायचं आणि तीनच वाक्यं ठरवायची: काय झालं, कुठं झालं, कधी झालं. ज्याला स्वतःहून सविस्तर बोलावंसं वाटतं त्याला बोलू द्या, कितीही वेळा. पुन्हापुन्हा सांगण्यातूनच काहींच्या मनात ती घटना बसते. ठरवायचं ते ज्याचं दुःख आहे त्यानं. दुपारी एक ते चार दार लोटून घ्या, कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणखी एक प्रकार आपल्याकडे होतो. ‘तिच्या डोळ्याला पाणी नाही, रडवा तिला’ म्हणून बायका गेलेल्या माणसाचे कपडे आणून समोर टाकतात. हे करू नका. काहींना महिन्यानं, एखाद्या फालतू कारणावरून, दूध उतू गेलं म्हणून रडू फुटतं, आणि तेच त्यांचं रडणं असतं. उलट बाजूनं पुरुषाला ‘तू खचलास तर घराचं कसं’ म्हणून गप्प करू नका. थोरल्या मुलाला सगळ्यांत कमी रडायला मिळतं. त्याला अर्धा तास रंकाळा तलावाला एकट्यानं फिरून येऊ द्या.

नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं याबद्दल ठामपणे सांगायला हवं: हे थांबवणं हा तिच्या दुःखावरचा पहिला उपचार आहे. ज्या क्षणी तिला आधार हवा, त्या क्षणी चारचौघांत तिची ओळखच ओरबाडली जाते, आणि ती आठवण वर्षानुवर्षं झोपेत येते. आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. घरात आधी बोलून ठेवा. ऐनवेळी म्हाताऱ्या बायका हात पुढे करतात तेव्हा मुलानं किंवा दिरानं एवढंच म्हणावं, ‘आमच्यात हे करायचं नाही असं ठरलंय.’ वाद घालू नये. पुढे हळदी-कुंकवाला, गौरीला, ओटी भरताना तिला बाजूला बसवलं जाणार नाही, याचीही जबाबदारी घरच्यांनी घ्यावी.

राख, माती आणि झाड

रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा घरामागं खड्डा काढून त्यात झाड लावण्याची पद्धत आता आपल्या भागात बरीच रुजली आहे. पंचगंगेच्या दृष्टीनं आणि घरच्यांच्या मनाच्या दृष्टीनंही ती चांगली. पण सगळी राख खड्ड्यात ओतून वर रोप लावलं तर ते रोप बहुधा मरतं. चितेच्या राखेत खार फार असतो, तो कोवळी मुळं जाळतो. मग ‘आईच्या नावाचं झाड जगलं नाही’ हे नवंच दुःख घरात येतं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. ओंजळभर राख, दोन घमेली माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत एकत्र करून भरा, उरलेली राख शेतात पातळ विसकटा. मृत्यू उन्हाळ्यात झाला असेल तर ओंजळभर राख मडक्यात बांधून ठेवा आणि मृगानंतर चांगला पाऊस झाला की लावा. जांभूळ, आंबा, कडुनिंब, काहीही. रोपं दोन लावा.

चौदाव्या दिवसापासून

आता लाटा सुरू होतात. चार तास बरे जातात आणि महाद्वार रोडवर त्यांच्यासारखाच शर्ट घातलेला माणूस पाठमोरा दिसतो, पाय गळतात. संध्याकाळी सहाला त्यांच्या गाडीचा आवाज आल्यासारखा वाटतो. उंबऱ्यात त्यांची चाहूल लागते, कुणाला त्यांनी हाक मारल्यासारखी ऐकू येते. हे वेड नाही, बाहेरची बाधाही नाही. वर्षानुवर्षं मेंदूला ज्या वेळी जो आवाज अपेक्षित होता, तो तो भरून काढतो. बहुतेकांत हे हळूहळू विरळ होतं. यासाठी उतारा करायला, अंगारे-धुपारे घ्यायला धावू नका, आणि अशा घराला नेमकं हेरून पैसे उकळणाऱ्यांना दारात उभं करू नका.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं: नाकारणं, राग, देवाशी सौदा, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये हे मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांनी त्या पायऱ्या क्रमानं चढाव्यात असं काही नाही. ‘मला अजून राग आला नाही, माझं काही चुकतंय का’ अशी काळजी करत बसू नका. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी मांडलेली कल्पना रोजच्या जगण्याला जास्त उपयोगी पडते. माणूस दोन कामांत हेलकावे खातो, एक गेलेल्याला आठवून रडण्याचं, दुसरं बिलं भरण्याचं, भाजी आणण्याचं, नवीन घडी बसवण्याचं. दोन्ही लागतात. सतत पहिलंच केलं तर माणूस खचतो, सतत दुसरंच केलं तर ते साठून कधीतरी बाहेर पडतं.

याचा वापर असा करा. दिवसातली वीस मिनिटं आठवणीसाठी बांधून ठेवा, शक्यतो एकाच जागी, पण झोपायच्या आधी नको. फोटो बघा, त्यांना पत्र लिहा, रडा, देवापुढं बसा. वीस मिनिटं झाली की उठून हातांचं काम करा: भाजी निवडणं, गोठा झाडणं, कुंड्यांना पाणी. आणि दिवसातून एकदा घराबाहेर पडा. सकाळचं ऊन अंगावर घेत अर्धा तास चालणं, मग ते रंकाळ्याला असो, विद्यापीठाच्या आवारात असो नाहीतर बांधावर. यानं रात्रीची झोपही सुधारते. वेळापत्रक एवढंच पुरे. त्याहून मोठं ठरवलं तर ते आठवड्यात मोडतं.

स्वयंपाकघरात एक बारीक पण रोजचं दुखणं असतं. हात सवयीनं जुनंच माप घेतो. सहा भाकऱ्यांचं पीठ मळलं जातं, तांदळाचं मापटं तेवढंच भरलं जातं आणि मग उरलेली भाकरी बघून आतून तुटतं. यावर इच्छाशक्तीचा काही उपयोग नाही, माप बदला. जुनं मापटं आठवणीत ठेवायचं तर ठेवा, पण डब्यात नवं, लहान माप टाका. नवरा-बायको दोघंच असतील आणि एक गेलं, तर मागं राहिलेलं माणूस ‘एकटीसाठी काय करायचं’ म्हणून चहा-बिस्किटावर येतं. आठवड्यातून तीन दिवस तरी दुसऱ्या कुणाबरोबर जेवण होईल असं बघा. सून, शेजारीण, भिशीतली मैत्रीण, कुणीही. रविवारच्या मटणाचंही असंच. काही घरांत तांबडा-पांढरा रस्सा वर्षभर होत नाही कारण ‘त्यांना आवडायचा’. सुतक संपल्यावर कधी सुरू करायचं हे त्या घरानं ठरवावं, पण मुलं घरात असतील तर त्यांना न सांगता आवडीची गोष्ट बंद झाली असं होऊ देऊ नका.

‘आधी नेलं असतं तर’

जवळपास प्रत्येक घरात हा काटा राहतो. वेळेत सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेलं असतं तर, त्या दिवशी गाडी दिली नसती तर. ‘असं काही मनात आणू नकोस’ म्हणून तो निघत नाही. एक कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडं फक्त तेवढंच लिहा जे त्या दिवशी, त्या तासाला तुम्हाला माहीत होतं. उजवीकडं नंतर कळलेलं लिहा. छातीत जळजळ, जेवण जड झालं असेल असं वाटलं, हे डावीकडं. तो अटॅक होता, हे उजवीकडं. बहुतेक वेळा स्वतःवरचा आरोप सगळा उजव्या बाजूच्या माहितीवर उभा असतो. वैद्यकीय शंका राहिली असेल तर उपचार केलेल्या डॉक्टरांची पंधरा मिनिटांची वेळ मागा आणि चार-पाच प्रश्न लिहून न्या. भांडायला जायचं नाही, समजून घ्यायला जायचं. तापलेल्या डोक्याच्या दहा नातेवाइकांना बरोबर नेऊ नका.

घरात आत्महत्या झाली असेल तर हा काटा कित्येक पटीनं खोल असतो, आणि वर लोकांची कुजबुज असते. कारण एकच शोधून कुणा एकावर ठेवू नका. असा मृत्यू क्वचितच एका कारणानं होतो. अशा घरातल्या माणसांकडे पहिले सहा महिने जास्त लक्ष द्या.

कपाट आणि मोबाइल

कपडे कधी काढायचे? कुणी चौथ्या दिवशी सगळं बोचक्यात बांधून देऊन टाकतं, आणि सहा महिन्यांनी त्या एका शालीसाठी जीव तळमळतो. घाईनं दिलेलं परत येत नाही, ठेवलेलं कधीही देता येतं. म्हणून पहिले तीन महिने फक्त औषधं, डायपर, पलंगपात्र, सलाइनचा स्टँड अशा आजारपणाच्या वस्तू हलवा. त्या नजरेसमोर असल्या की आजारीपणाचाच चेहरा आठवत राहतो. बाकीचं नंतर, दोघांनी मिळून, एका बैठकीत एकच कप्पा. तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरवता येत नाही. तिसरा ढीग पेटीत घालून तारीख टाकून माळ्यावर. एखादा न धुतलेला शर्ट किंवा लुगडं हवाबंद पिशवीत ठेवलं तर वास बराच काळ टिकतो. पुष्कळांना त्याची किंमत फार उशिरा कळते. जुन्या नऊवारीची गोधडी शिवून घेणं हाही चांगला मार्ग, फक्त शिवायला टाकण्याआधी सगळ्या बहिणींना विचारा.

मोबाइलमध्ये त्याहून जास्त काही असतं आणि तेच आधी हरवतं. सिम लगेच बंद करू नका, बँकेचे आणि विम्याचे निरोप त्यावरच येतात. रिचार्ज संपून तीनेक महिने काही वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणून लहान रिचार्ज चालू ठेवा. व्हॉट्सॲप खातं साधारण १२० दिवस बंद राहिलं तर कंपनी ते काढून टाकते. त्याआधी त्यांच्या आवाजातले निरोप, फोटो उतरवून घ्या: चॅट उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून ‘आणखी’, मग ‘एक्सपोर्ट चॅट’, आणि ‘मीडियासह’ निवडा. दोन ठिकाणी साठवा. एटीएम कार्ड किंवा त्यांच्या फोनवरून पैसे मात्र काढू नका. पिन माहीत असला तरी मृत्यूनंतर काढलेली रक्कम वारसांमध्ये भांडणाचं मूळ होते आणि बँकही जाब विचारू शकते.

कागद

कागदांचं काम दुःखात नकोसं वाटतं, पण काहींना मुदत असते. रोज एकच तास, एकच काम, आणि बरोबर असा माणूस न्या ज्याचं स्वतःचं दुःख कमी आहे, मेहुणा किंवा मित्र.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर ते कळवतात. घरी झाला तर डॉक्टरांचा दाखला घेऊन शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, गावात ग्रामपंचायतीत घरच्यांनी कळवायचं. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, त्यापुढे वर्षापर्यंत वरिष्ठांची परवानगी आणि वर्षानंतर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का हे खिडकीवर उभं राहूनच तपासा. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ या फरकामुळे पुढे सहा महिने हेलपाटे पडतात. आठ-दहा प्रती घ्या.

बँकेच्या पासबुकात वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. शेतकरी माणूस अपघातानं गेला असेल, त्यात सर्पदंश आणि विजेचा धक्काही आला, तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेसाठी तालुका कृषी कार्यालयात लगेच जा. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, म्हणून ‘कापाकापी नको’ म्हणून ते टाळू नका. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार एकरकमी मिळतात, अर्ज तहसीलला.

शेतजमिनीची वारस नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवा. आपल्या भागात आणखी तीन जागा विसरल्या जातात: दूध संस्थेचं सभासदत्व (बिल जुन्याच नावावर अडकतं), साखर कारखान्याचा शेअर आणि उसाची नोंद, आणि सेवा सोसायटीचं पीककर्ज. ऊस उभा असेल तर कारखान्याच्या गट ऑफिसला लगोलग सांगा, नाहीतर तोडीच्या वेळी धावाधाव होते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम ताब्यात घेतो, पण ती वारसांची असते. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत आई, बायको, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा सारखा वाटा. दिवसकार्याला आलेल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची घाई काही घरांत होते. हे करू नका आणि करून घेऊ देऊ नका. सही द्यायची की नाही हा बहिणीचा प्रश्न, पण सुजलेल्या डोळ्यांनी केलेली सही पुढे माहेर तोडते. जमीन विकणं, घर बंद करून आईला पुण्याला नेणं, असे निर्णयही किमान सहा महिने थांबवा.

मुलांना काय सांगायचं

‘पप्पा झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगू नका. लहान मूल ते शब्दशः घेतं आणि मग झोपायलाच घाबरतं, किंवा दाराकडं डोळे लावून बसतं. ‘देवाघरी गेले’ हेही एकट्यानं पुरत नाही, कारण मूल विचारतं की मग परत कधी येणार. साधं सांगा: ‘आजी वारली. तिचं शरीर काम करायचं थांबलं. ती परत येणार नाही. ती आपल्याला आठवत राहील.’ पाच वर्षांखालच्या मुलाला ‘परत येणार नाही’ समजायला वेळ लागतो, तेच ते पन्नास वेळा विचारेल, तितक्या वेळा तेच उत्तर द्या. ‘मी हट्ट केला म्हणून झालं का?’ हे मुलं बोलून दाखवत नाहीत, म्हणून तुम्हीच आधी सांगा की तुझ्यामुळं काही झालेलं नाही. पुन्हा अंथरूण ओलं होणं, अंगाला चिकटून राहणं काही आठवडे चालतं, रागवू नका. रडता रडता मूल मधेच खेळायला पळालं तर त्याला काही वाटत नाही असं समजू नका. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. दहावी-बारावीच्या पोराला ‘आता घराची जबाबदारी तुझ्यावर’ हे वाक्य कुणीही बोलू नये, आलेल्या काका-मामांना आधीच तसं सांगून ठेवा.

डॉक्टरांकडे कधी

दुःख हा आजार नाही, बहुतेकांना गोळ्यांची गरज पडत नाही. पण सहा महिने उलटूनही तळमळ पहिल्या दिवसाइतकीच असेल, माणूस कामावर, स्वयंपाकघरात, लोकांत परतलंच नसेल, आपलाही एक भाग मेला असं म्हणत असेल, तर त्याला दीर्घकाळ चालणारा शोक म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ प्रौढांसाठी वर्षाची मर्यादा धरतात. त्यासाठीच बेतलेल्या एका बोलण्याच्या उपचारात साधारण १६ बैठका असतात. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात जाता येतं. बरोबर जाणाऱ्यानं झोप, जेवण, वजन, चालू गोळ्या आणि मृत्यूची तारीख एका कागदावर लिहून न्यावी, आत गेल्यावर काही सुचत नाही.

काही गोष्टींसाठी सहा महिने थांबायचं नाही. ‘मलाही त्यांच्याकडं जायचंय’ असं कुणी म्हणालं तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, शेतातलं कीटकनाशक आणि घरातल्या जास्तीच्या गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो. दोन-तीन दिवस पाणीसुद्धा न घेणं, असंबद्ध बोलणं, रोजची दारू, हेही तातडीचंच.

सण आणि वर्ष

पहिल्या वर्षी प्रत्येक सण नव्यानं लागतो. त्यात सणाच्या दिवसापेक्षा आधीचा आठवडा जास्त छळतो, कारण ‘यंदा काय करायचं’ हे कुणी बोलत नाही. आठ दिवस आधी सगळ्यांनी बसून तीन गोष्टी ठरवा: यंदा काय करायचं नाही, काय करायचं आणि त्यांच्या नावानं काय करायचं. गौरीचा स्वयंपाक त्या करायच्या आणि तो यंदा सुनेला एकटीला झेपणार नसेल, तर पाच भाज्यांऐवजी एक करा. दिवाळीला आकाशकंदील लावायचा नाही असं मोठ्यांना वाटतं आणि मुलांना हवा असतो. दारात एक पणती, मुलांसाठी घरात फराळ, असा मधला रस्ता निघतो. पहिल्या सणाला भेटायला येणाऱ्यांना वेळ कळवून ठेवा. पितृपंधरवड्यात त्यांची आवडती एक भाजी पानात वाढली की घरात त्यांचं नाव मोकळेपणानं निघतं, आणि लहान मुलांनाही त्यात काही हातभार लावू द्या, निदान पान कावळ्याला ठेवायला.

शेजाऱ्यांसाठी एवढंच. तेराव्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी जा. मोबाइलमध्ये आत्ताच तारखा टाकून ठेवा, कारण तेव्हा बाकी सगळे विसरलेले असतात. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कुणी सांगत नाही. ‘वैनी, मी गुरुवारी बँकेत निघालोय, तुमचं पासबुक देता का?’ असं विचारा. ‘आण्णांनी आमच्या पोराला पोहायला शिकवलेलं’ असं त्यांचं नाव घेऊन काहीतरी सांगा. डोळ्यांत पाणी आलं तरी बोलणं थांबवून विषय बदलू नका, चहा होईपर्यंत बसा.